कोपऱ्यातली सही कोठे गेली?

पाथरीच्या बाजारपेठेत एखाद्या गिऱ्हाइकाने किराणा दुकानदारापुढे शंभराची नवी नोट ठेवली, म्हणजे त्या एका व्यवहारात दोन ग्राफिक डिझायनरांचे काम या हातातून त्या हातात जाते. याची जाणीव देणाऱ्याला नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. नोटेवरील रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार यांनी घडविले. मुंबईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये तमिळ मुद्राक्षरांवर संशोधन करणाऱ्या या तरुणाचे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याच नोटेच्या मागील बाजूस स्वच्छ भारत मोहिमेचे बोधचिन्ह म्हणून गांधीजींचा चष्मा आहे. तो कोल्हापुरात जाहिरातकलेचा व्यवसाय करणाऱ्या अनंत खासबारदार यांनी २०१४ मध्ये रेखाटला. नोटेवर गव्हर्नरांची सही असते. या दोघांची असण्याचे कारण नाही, आणि तशी मागणीही कोणी केलेली नाही. परंतु कोल्हापूरचा कलावंत नोटेवर पोहोचू शकतो, तर परभणी जिल्ह्यातील पाथरीचा का पोहोचू नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर कलागुणांत शोधण्यापेक्षा बाजारात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

तालुक्याच्या गावी चांगला चित्रकार शोधण्याची एक पद्धत पूर्वी होती, आणि ती फार स्वस्त होती. दुकानाची पाटी, ट्रकची मागची फळी, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, कापसाच्या वाणाची भिंतभर जाहिरात, हे सर्व हाताने रंगविले जाई. आणि प्रत्येक कामाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक, तिरक्या अक्षरांत रंगविणाऱ्याचे नाव असे. नावापुढे ‘आर्ट्स’ आणि गावाचे नाव. मानवत किंवा सेलूचा व्यापारी पाथरीस आला आणि एखाद्या पाटीतील अक्षरांचे वळण त्याच्या मनात भरले, म्हणजे त्याने कोपरा पाहावा आणि चौकात विचारावे, एवढेच काम उरे. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये माहितीच्या अर्थशास्त्रावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच की योग्य विक्रेता शोधण्यास खर्च पडतो आणि तो खर्च बाजाराचे स्वरूप ठरवितो. पेंटरच्या कोपऱ्यातील सहीने हा खर्च जवळजवळ शून्यावर आणला होता. आज ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात, म्हणजे कलावंताच्या निवडक कामांचा संच, तो या पेंटरच्या बाबतीत गावभर पसरलेला असे आणि उन्हापावसात टिकतो की नाही याची परीक्षाही तेथल्या तेथे होई.

मग फ्लेक्स आला. त्याच्या कुरूपतेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. फ्लेक्स स्वस्त होता, लवकर मिळे आणि त्यावर आपला फोटो छापता येई, एवढी कारणे त्याच्या विजयास पुरेशी होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो आणि डिझाइन त्यासोबत फुकट मिळते. व्यापारी भाषेत ही एक सवलत. अर्थशास्त्राच्या भाषेत दोन वस्तूंची एकत्र विक्री, ज्यात एकीला किंमत उरत नाही. ज्या वस्तूला स्वतंत्र किंमत नाही, तिच्या कर्त्याला स्वतंत्र नाव राहत नाही. फ्लेक्सच्या कोपऱ्यात आज काही लिहिले असलेच, तर ते छपाई करणाऱ्या दुकानाचे नाव व मोबाइल क्रमांक असतो. संगणकापुढे बसून कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीची अक्षरे ओढूनताणून, नेत्यांच्या छायाचित्रांचा मानापमान सांभाळून रात्री अकरापर्यंत तो मजकूर बसविणारा बावीस वर्षांचा मुलगा त्यावर कोठेच नसतो.

या मुलाचा विचार केल्याविना नवोदित डिझायनर कसे शोधावेत या चर्चेला अर्थ नाही. शहरातील चर्चा अशी चालते की आता शोधाचे सर्व अडथळे दूर झाले आहेत. २००५ मध्ये अमेरिकेत ‘बिहॅन्स’ सुरू झाले आणि २०१२ मध्ये अडोबी कंपनीने ते विकत घेतले. तेथे कोणीही आपली कामे विनामूल्य मांडावीत आणि जगातील कोणत्याही ग्राहकाने ती पाहावीत. इन्स्टाग्रामवरही तेच. हे खरेच आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. डिझाइनच्या धंद्यात मात्र कुवतच दाखविता येते. सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत प्रवेश न मिळालेल्या, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय कला महाविद्यालयापर्यंतही न पोहोचलेल्या मुलाला आपले काम हीच पदवी म्हणून पुढे करता येते. असे व्यवसाय फार थोडे आहेत.

अडचण दुसरीकडेच आहे. कलाशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्याच्या पोर्टफोलिओत बहुधा कल्पित कामे असतात: एखाद्या विमान कंपनीचे नवे बोधचिन्ह, न निघालेल्या चहाचे वेष्टन. ती मागितलेली नसतात, वापरली जात नाहीत. पण नीटनेटकी मांडलेली असतात, कारण मांडणी शिकविली जाते. पाथरीच्या मुलाने दोन-तीन वर्षांत शेकडो खरी कामे केलेली असतात. लग्नपत्रिका, कृषी सेवा केंद्राचे फलक, शिकवणी वर्गाची पत्रके, पतसंस्थेचे अहवाल. प्रत्येकास गिऱ्हाईक होते, मुदत होती, भांडण होते. त्यातील एकही त्याच्याजवळ नसते. फाइल दुकानाच्या संगणकावर असते, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते, नावे बदलून पुन्हा छापली जाते. शिवाय लग्नपत्रिकेला कोणी डिझाइन म्हणेल, हे त्याला स्वतःलाच खरे वाटत नाही. जे दाखविण्यासारखे आहे ते दाखविण्यासारखे आहे, हे सांगणारा माणूस त्याला भेटलेला नसतो.

हा माणूस पूर्वी कोण असे? मराठीपुरते बोलावयाचे तर बहुतेक वेळा संपादक, प्रकाशक किंवा नाट्यनिर्माता. गोव्यातून आलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) घरोघर पोहोचले ते पुस्तकांच्या मुखपृष्ठांतून व दिवाळी अंकांतून, आणि त्यांच्या चित्राखालची सही वाचकाला लेखकाच्या नावाइतकी परिचित होती. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे वृत्तपत्रांतील जाहिरातींत ज्या अक्षरांत मांडली, त्या जाहिराती हाच त्यांचा पोर्टफोलिओ होता. रोज सकाळी हजारो घरांत तो उघडला जाई. २०२० च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची अक्षरे ओळखणारे पण चेहरा न ओळखणारे वाचक महाराष्ट्रभर होते. याच्या उलट उदाहरण र. कृ. जोशींचे. सुलेखनकार, कवी व अध्यापक म्हणून त्यांची ख्याती मोठी. पण त्यांनी घडविलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक सरकारी कचेरीतील ज्या लिपिकांनी वर्षानुवर्षे वापरला, त्यांपैकी कितीजणांना तो कोणी केला हे ठाऊक असेल? दलालांची सही चित्राखाली होती, जोशींची अक्षराखाली असू शकत नव्हती. हा भेद गुणवत्तेचा नव्हे.

आजच्या महाजालावर संपादकाची जागा पसंतीच्या आकड्याने घेतली आहे. ज्याला आधीच पुष्कळांनी पसंत केले, तो वर दिसतो; वर दिसतो म्हणून आणखी पुष्कळ पसंत करतात. शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये लिहिले होते की एकच कलावंत साऱ्या बाजाराची गरज भागवू शकला, तर गुणांतील थोड्याशा फरकाने मिळकतीत प्रचंड फरक पडतो. डिझाइनच्या बाजारात हे आता घडत आहे. त्यातच कामांचे वर्णन इंग्रजीत, शोधाचे शब्द इंग्रजीत. मराठी अक्षरांची उत्तम जाण असलेला मुलगा ज्या बाजारात उभा राहतो, तेथे ही जाण मोजण्याचे माप कोणापाशी नसते.

दुसरा काच स्थानिक आहे आणि अधिक जुना आहे. ‘आधी दोन-तीन नमुने करून दाखवा, आवडले तर बघू’ हे वाक्य प्रत्येक नवोदिताच्या कानावर पडते. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये माहितीच्या व्यापारातील हा पेच नेमका पकडला होता: कल्पना पाहिल्याशिवाय ग्राहकाला तिचे मोल कळत नाही, आणि पाहिल्यावर ती त्याला फुकटच मिळालेली असते. नमुना पाहून तोच दुसऱ्याकडून स्वस्तात करून घेणारे गिऱ्हाईक पाथरीत आहे, पुण्यात आहे, मुंबईत तर आहेच. जुन्या कामांचा संच जवळ असला, तर हा पेच थोडा सैल होतो. ‘नवे फुकट करणार नाही, जुने पाहून ठरवा’ असे म्हणण्याची सोय राहते. म्हणून संच नसणे ही केवळ प्रसिद्धीची उणीव नाही, तिने भावही पडतो. स्पर्धा हा तर यावरील तोडगा नव्हेच. रुपयाच्या चिन्हासाठी तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या आणि अडीच लाखांचे पारितोषिक एकाला मिळाले. राष्ट्रीय चिन्हासाठी हे शोभून गेले. पण पतपेढीच्या बोधचिन्हासाठीही आता स्पर्धा लागते.

कायदा याबाबत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाची मालकी सामान्यतः मालकाकडे जाते. परंतु कलम ५७ अन्वये ‘हे काम माझे’ असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क मालकी गेल्यावरही शिल्लक राहतो. फाइल दुकानाची असली, तरी तिची छापील प्रत आपल्या वहीत लावून ‘हे मी केले’ असे त्या मुलाने लिहिण्यास हरकत नाही. ही वही आजच सुरू करता येते आणि तिला इंटरनेट लागत नाही.

पाथरीपुरता हा प्रश्न लवकरच अधिक धारदार होईल. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थळावरून पाथरीचे नाव देशभर गाजले आणि शिर्डीत बंद पाळला गेला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. पण भाविकांची वर्दळ वाढली, की कल्याण–निर्मल महामार्गावर दिशादर्शक फलक लागतात, प्रसादाच्या पिशव्या लागतात, माहितीपत्रके लागतात, आणि हे काम पाथरीत होईल की पुण्या-मुंबईच्या स्टुडिओकडे जाईल, हे ठरविणाऱ्याने स्थानिक काम कोठे पाहावे? नगरपरिषदेने, बाजार समितीने आपल्या प्रत्येक फलकावर व अहवालावर मांडणी करणाऱ्याचे नाव घालण्याचा शिरस्ता पाडला, तरी वर्षभरात अशी एक यादी आपोआप तयार होईल. नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे वार्षिकांक निघतात. त्यांत प्राचार्यांचे छायाचित्र असते, मुखपृष्ठकाराचे नाव पुष्कळदा नसते. ते घालण्यास एका ओळीची जागा पुरते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांची चित्रे शाळांनी निकालानंतर जपून ठेवली, तर कलाशिक्षकालाही कोणाची दखल घ्यावी हे कळेल.

नाव छापण्याची सक्ती आपल्याकडे नवी आहे असे नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. इंग्रज सरकारला अपराधी हुडकण्यासाठी ते हवे होते. निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असलेच पाहिजेत, असे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क आजही सांगते. निवडणूक जाहीर झाली, की पाथरीच्या छपाईच्या दुकानात तोच मुलगा पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ही दोन्ही नावे न चुकता बसवितो, आणि फाइल छपाईला सोडतो.