होडीचे ओझे

पूर्वी आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शिडाचे मचवे माल घेऊन येत. मचवा रिकामा परत जायचा असला तर तळाशी दगड नाहीतर वाळू भरीत. त्याला नीरम म्हणतात. फुकटचे दगड कशाला न्यायचे? तर रिकामा पेला पाण्यात सोडून बघा, आडवा होतो. आत चार खडे टाका, मग उभा राहतो. ओझे तळाशी असले तर वाऱ्याने कललेली होडी परत सरळ होते. तेच ओझे वर रचले तर होडी उलटते.

लहान होडीला बाजूला उलांडी बांधतात, ती तोल धरते.

सर्वांत वाईट ओझे माणसांचे, कारण ती हलतात! १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाणारी रामदास बोट लाटेने कलली. माणसे घाबरून एका बाजूला धावली आणि बोट बुडाली. सहाशेवर माणसे गेली. ती शिडाची नव्हती, पण तोल सगळ्यांचा सारखाच. होडीत कोणी उभे राहिले की तांडेल ओरडतो, तो उगाच नाही.