‘स्वामी’च्या शेजारी साधनांचा खंड

पानिपतच्या वाटेवर सदाशिवरावभाऊंना सर्वांत जास्त चणचण कशाची होती? तोफा इब्राहिमखान गारद्याकडे होत्या, घोडदळ होतं, नामांकित सरदार होते. नव्हता तो पैसा. १७६० च्या उन्हाळ्यापासून भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांमागून पत्रं धाडली: वसुलीची रक्कम पाठवा, यमुनेवर पुलासाठी नावा जमवा, अब्दालीची रसद तोडा. पुढच्या पत्रात पुन्हा तेच, फक्त सूर अधिक कडक. ती ओळीनं वाचत गेलं की मनावर दडपण येतं ते लढाईचं नव्हे, उशिराचं.

हा पत्रव्यवहार मराठी वाचकासमोर आला तो वि. का. राजवाडे यांच्यामुळे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. असे एकूण बावीस खंड झाले. गावोगावची दप्तरं धुंडाळत, मोडी कागद उतरवून घेत राजवाड्यांनी आयुष्य वेचलं आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या मागे भास्कर वामन भट आणि धुळेकर मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं, ‘संशोधक’ हे त्रैमासिक चालवलं. खानदेशातल्या पेशवाईप्रेमी वाचकाचं भाग्य असं, की कादंबरी मिटवून अस्सल कागदाकडे वळायचं ठरवलं तर त्याला पुणं गाठायला नको.

पेशवाईत शिरायची वाट मात्र बहुतेकांसाठी कादंबरीतूनच जाते, आणि त्यात काहीही कमीपणा नाही. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली, १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जुलै १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं मिळालेला आणि नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं गेलेला माधवराव या पुस्तकानं घराघरांत नेला. शनिवारवाडा, काका-पुतण्याची तेढ, रमाबाईंचं सहगमन हे सगळं कित्येकांच्या मनात देसाईंच्या शब्दांतच वसलेलं आहे. जळगावच्या व. वा. वाचनालयापासून धुळ्याच्या गरुड वाचनालयापर्यंत, मराठी पुस्तकांच्या कुठल्याही जुन्या संग्रहात या कादंबरीला हक्काची जागा असते.

पण त्याच माधवरावांचा एक कागदही वाचायला हवा. मृत्यूच्या काही आठवडे आधी त्यांनी नऊ कलमांची यादी लिहवली. दौलतीवरचं कर्ज फेडावं, काशी-प्रयाग ही क्षेत्रं ताब्यात घ्यावीत, अशी त्यातली कलमं आहेत. देहाची आशा संपलेला तरुण राज्यकर्ता सावकारांचं देणं विसरत नाही. १७६८ मध्ये खानदेशाच्या शिवेवरच्या धोडप किल्ल्यापाशी याच माधवरावांनी रघुनाथरावांना हरवलं होतं, आणि आता ही कलमं पाळण्याचा शब्द त्याच काकांकडून घ्यायचा होता. ‘स्वामी’तली थेऊरची पानं ही यादी वाचून पुन्हा वाचावीत, रमाबाईंच्या दुःखापलीकडे पुण्याच्या फडावरची काळजीही तिथे जाणवू लागते.

पानिपतच्या बाबतीत तर वाचकाला तीन बाजू ऐकाव्या लागतात. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’नं १९८८ साली भाऊसाहेबांना नवं माणूसपण दिलं, हट्टी सेनापती ही त्यांची जुनी प्रतिमा त्या कादंबरीनं बरीच पुसली. त्याच्या कितीतरी आधी त्र्यं. शं. शेजवलकरांनी रणभूमी स्वतः पाहून ‘पानिपत : १७६१’ लिहिलं होतं, आणि लढाईमागच्या राजकारणाची बाजू मांडली होती. राजवाड्यांनी प्रस्तावनेत मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत यांना दोष दिला, तो पुढच्या अभ्यासकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. ज्या गोविंदपंतांना भाऊ ताकीद देत होते, ते शत्रूची रसद तोडण्याच्या कामावर असतानाच डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. कादंबरीकाराला शेवट ठाऊक असतो, वाचकालाही असतो. पत्र लिहिणाऱ्याला १४ जानेवारीला काय होणार याची कल्पना नसते, म्हणून त्याच्या साध्या हिशेबी ओळीही आज वाचताना काळजात रुततात.

या वाचनात खानदेश स्वतः कुठे आहे? एप्रिल १७६० मध्ये भाऊंची फौज बऱ्हाणपुरावरून, म्हणजे खानदेशाच्या जुन्या राजधानीवरूनच, उत्तरेला गेली. पेशवाईच्या अखेरीस तर हा मुलूख धुमसतच होता. ना. सं. इनामदारांच्या ‘झेप’चा नायक त्र्यंबकजी डेंगळे ठाण्याच्या तुरुंगातून निसटला आणि खानदेशाच्या डोंगराळ भागात त्यानं माणसं जमवली. ‘झेप’ वाचताना शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर नकाशावर शोधावं. होळकरांनी मंदसोरच्या तहात हा किल्ला इंग्रजांना देऊ केला, पण किल्लेदार तुळशीराम याने तो सोडला नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेनं तोफा डागल्या. शरणागतीची बोलणी चालू असताना दरवाज्यात गोंधळ उडाला, इंग्रज अधिकारी पडले, मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं.

या फाशीचा प्रश्न पुढच्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला. फौजेच्या आभाराचा ठराव मांडला गेला तेव्हा थाळनेरचं प्रकरण त्यातून मुद्दाम बाजूला ठेवावं लागलं. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही थाळनेरची हकीकत आहे, अर्थात जिंकणाऱ्यांच्या नजरेतून. तुळशीरामाच्या बाजूनं ती लिहायची, तर धुळ्या-जळगावच्या कादंबरीकाराला मोडी शिकून होळकरी कागदांपासून सुरुवात करावी लागेल.