मातीलाही विरजण लागते

मिरगाचा पाऊस तोंडावर आला, की आपल्या जिल्ह्यातल्या खतांच्या दुकानांत युरिया आणि डीएपीच्या पोत्यांशेजारी लहान लहान पाकिटे दिसू लागतात. रायझोबियम, पीएसबी, ट्रायकोडर्मा, मायकोरायझा अशी त्यांवर नावे असतात. आत बहुधा काळसर किंवा पांढरी भुकटी. कोणी शेतकरी ती नेतो, कोणी 'ही राख टाकून काय होणार?' म्हणत परत ठेवतो. नेणाऱ्यांपैकीही काहीजण पुढच्या वर्षी नेत नाहीत, गुण आला नाही म्हणतात.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. माझी सासुरवाडी बैलहोंगल भागातली, घरात बोली कन्नड. सासरे खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा घेतात. अलीकडे ते वरचेवर म्हणतात, "मण्ण सत्त होगैती." माती मेली! खताचा खर्च दरवर्षी वाढतो, उतारा मात्र तेवढाच. माझा मेव्हणा तर जमीन खंडाने देऊन शहरात नोकरी बघायच्या गोष्टी करतो. म्हणून माती खरेच मेली आहे का, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला राहिलेला नाही.

घरातल्या बायकांना याचे उत्तर लवकर पटेल. विरजण, म्हणजे कन्नडमधले 'हेप्पु', उकळत्या दुधात घातले तर दही लागत नाही. कोमट पाण्यात घातले तरी लागत नाही. विरजण जिवंत असते, त्याला दूध हवे आणि बेताची ऊब हवी. पाकिटातली भुकटीही तशीच. तिच्यात जिवंत जीवाणू किंवा बुरशी असते आणि तिलाही खायला-राहायला जागा लागते.

पहिले रायझोबियम. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला, तरी पिकाला तो थेट घेता येत नाही. सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी येतात. त्यांत राहणारे जीवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला घेता येईल अशा रूपात बदलतात. बदल्यात पीक त्यांना साखर पुरवते. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक या शास्त्रज्ञाने असा जीवाणू गाठींतून वेगळा करून दाखवला. मात्र सोयाबीनचा जीवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. पाकिटावरचे पिकाचे नाव वाचूनच ते घ्यावे. शिवाय युरिया भरपूर मिळाला, की पीक गाठी कमी धरते. आयते मिळते तर साखर कशाला खर्चायची?

दुसरी मायकोरायझा, म्हणजे मुळांशी सोयरीक जोडणारी बुरशी. जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली तिला हे नाव दिले. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. मुळाजवळचे संपले, की पीक उपाशी आणि चार बोटांवर स्फुरद पडून! या बुरशीचे केसाहून बारीक धागे तिथवर पोहोचतात आणि स्फुरद आणून देतात. कोबी, फ्लॉवर, मोहरी यांच्या मुळांशी मात्र तिची सोयरीक जुळत नाही. त्यामुळे भाजीपाला करणाऱ्यांनी कोबीसाठी तिच्यावर पैसे घालू नयेत. पीएसबी हे जीवाणू मातीत अडकलेले स्फुरद विरघळवतात.

तिसरी ट्रायकोडर्मा. ही राखणदार बुरशी. मर आणि मूळकूज आणणाऱ्या बुरशींवर ती वाढते, त्यांचे अन्न आणि जागा बळकावते. हरभऱ्याला मर लागल्यावर ओतण्यापेक्षा ती पेरणीपूर्वी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत दहा-पंधरा दिवस वाढवावी आणि मग शेतात द्यावी.

आता गुण का येत नाही ते पाहू. पाकीट उन्हात पडलेले असते किंवा मुदत संपलेली असते. बियाण्याला बुरशीनाशक आणि जीवाणू एकाच वेळी चोळले जातात. बुरशीनाशक लावायचेच असेल तर ते आधी, मग कीटकनाशक आणि जीवाणू सर्वांत शेवटी. गुळाच्या थंड पाण्यात भुकटी कालवून बियाण्याला हलक्या हाताने लावावी, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे.

सर्वांत मोठे कारण उपासमार. शेणखत कमी झाले आणि उसाचे पाचट, आपल्याकडची 'रवदी', तोडणीनंतर पेटवली जाते. त्या आगीत वरच्या थरातले जीव भाजतात आणि उरलेल्यांचे अन्नही जळून जाते. अशा रानात पाकीट म्हणजे पाण्यात घातलेले विरजण. रवदी सरीत कुजवली, शेणखत दिले, उसात किंवा ज्वारीत डाळवर्गीय पीक घेतले, तर मातीतले जीव पुन्हा वाढतात. त्याला दोन-चार हंगाम जातात, एका पावसात ते होत नाही. म्हणून खत एकदम बंद करू नये. माती तपासून घ्यावी आणि त्याप्रमाणे ते बेताने द्यावे.

यंदा एक गोष्ट मुलांना घेऊन जरूर करा. सोयाबीन पेरून पस्तीस-चाळीस दिवस झाले, की एक झाड ओढून न काढता खुरप्याने मातीसकट उचला आणि मुळे पाण्यात अलगद धुवा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला, तर जीवाणू कामावर आहेत आणि युरियाचा पुढचा हप्ता घालायची घाई नको. गाठी नसतील किंवा आतून पांढऱ्या, हिरवट निघाल्या, तर पुढच्या पेरणीआधी काय करायचे ते वर लिहिलेच आहे.