सड्यावरचं पाणी

पंचगंगा कोल्हापूरकरांना आठवते ती जुलै-ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या महापुरात नदीनं 55 फूटही ओलांडले आणि अख्खा जिल्हा फूट-इंचांत बोलू लागला. फेब्रुवारीत उसाला मोटर सुरू करताना मात्र नदीत पाणी कुठून आलं, याची चौकशी कुणी करत नाही.

धरणातून, हे उत्तर अर्धंच. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं राधानगरी धरण पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीचं पाणी साठवतं, पण ते पाणी आधी दाजीपूरच्या जंगलातून येतं. तिथं पावसाचा मारा झाडांच्या शेंड्यांवरच मंदावतो. खाली कुजलेल्या पाल्याची जमीन पाणी पिते आणि मुळं माती धरून ठेवतात, म्हणून धरणात गाळ कमी उतरतो. अर्थात आठवडाभर कोसळणाऱ्या पावसात हीच जमीन तुडुंब होते. मग जंगलाचाही इलाज चालत नाही. पूररेषेत बांधलेल्या घरांचा दोष जंगलाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

खरी गंमत सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर आहे. उन्हाळ्यात काळ्या तव्यासारखे दिसणारे हे कातळ जांभ्याचे. पावसात तिथं इवलीशी सीतेची आसवं फुलतात, दवबिंदू ही वनस्पती चिकट थेंबांनी किडे पकडते. मातीत नत्र कमी, म्हणून ही शिकार! जांभ्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी सड्याच्या कडांखाली झरे होऊन निघतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरल्यावर बरगे घालतात, तेव्हा अडवायला वाहतं पाणी लागतं. धरणातल्या विसर्गाबरोबर या झऱ्यांचाही त्यात वाटा असतो.

डोंगर-जंगल फक्त पाणीच देत नाही. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव तर ‘मधाचं गाव’ म्हणूनच ओळखलं जातं. मध विकून पैसा येतो, तो मोजता येतो. मध देणाऱ्या त्याच माश्या आसपासच्या झाडा-पिकांचं परागीभवन करतात, त्याचं बिल कुणी देत नाही. पर्यावरणीय अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये जगभरच्या अशा फुकट सेवांची किंमत काढली: वर्षाला सुमारे 33 लाख कोटी डॉलर. आकड्यावर वाद झाले, ते व्हायलाच हवे होते.

राधानगरी अभयारण्य 2012 पासून जागतिक वारशात आहे. जिल्ह्यातल्या इतर काही सड्यांवर मात्र बॉक्साइटच्या खाणी निघाल्या. खाणीतून निघणाऱ्या खनिजाचं वजन होतं, स्वामित्वधन भरलं जातं. सड्याखालच्या झऱ्याचं पाणी त्या पावतीवर येत नाही.