गुलाबाची वेल आडवी बांधा

परतीच्या पावसाची बातमी आली की गुलाबांच्या छाटणीची लगबग सुरू होते. हवामान खात्याच्या वेळापत्रकात मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास निरोप घेतो. त्यानंतर आठवडाभरात सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात सिकेटर चालू लागतात. छाटणीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलं, हा हिशेब बागकाम करणाऱ्यांना तोंडपाठ असतो, तो इथे पुन्हा मांडत नाही. मला लिहायचं आहे ते दर ऑक्टोबरात होणाऱ्या एका नुकसानीबद्दल. झुडपी गुलाब असो की वेली, सगळ्यांना एकाच उंचीवर, गुडघ्याशी आणून कापलं जातं. मग कमानीवर चढवायला हौसेनं आणलेली वेल वर्षभर नुसते हिरवे फोक काढत राहते आणि ‘याला फूलच धरत नाही’ म्हणून एक दिवस उपटली जाते.

ही सवय फुलांच्या प्रदर्शनातून आली असावी, असं मला वाटतं. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या प्रदर्शनात टेबलावर बाटलीत उभा असतो तो लांब दांड्याचा, एकाच टपोऱ्या फुलाचा हायब्रिड टी गुलाब. या घराण्याची सुरुवात फ्रान्समधल्या गीयो यांच्या १८६७ च्या ‘ला फ्रान्स’पासून मानतात. हायब्रिड टी खोल छाटला की मोजक्याच जोरदार फुटी येतात आणि फूल मोठं होतं. त्या फुलासाठी ही छाटणी अगदी बरोबर आहे. पण तीच पद्धत आपण सरसकट सगळ्या गुलाबांची छाटणी म्हणून शिकलो आणि शिकवली.

वेली गुलाबाचं गणित निराळं असतं. त्याचे लांब फोक हेच त्याचं भांडवल. उभ्या वाढणाऱ्या फोकाचा शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो, ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. थिमन आणि स्कूग यांनी १९३३ मध्ये घेवड्याच्या जातीतल्या एका रोपावर हे दाखवलं. शेंडा खुडून त्या जागी संप्रेरक लावलं, तर बाजूचे डोळे झोपलेलेच राहिले. शेंडा बहुतेक साखर स्वतःकडे ओढतो, म्हणूनही खालचे डोळे उपाशी राहतात, हे २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या अभ्यासातून पुढे आलं. फोक आडवा केला की शेंड्याची ही हुकमत ढिली पडते. मग त्याच्या पूर्ण लांबीवरचे डोळे फुटतात आणि प्रत्येक डोळ्यातून वीतभर फांदी येऊन तिच्या टोकाला फुलं लागतात. उभ्या फोकावर जिथे शेंड्याला एकच झुबका आला असता, तिथे सगळी भिंत भरते. यासाठी एक पैशाचं खत जास्त लागत नाही.

मावळात तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसमधल्या गुलाबांत काम करणाऱ्यांना ‘बेंडिंग’ नवं नाही. फेब्रुवारीतल्या निर्यातीची फुलं ज्या झाडांवर येतात, त्यांच्या बारीक, वांझ फांद्या तिथे कापत नाहीत, वाकवून खाली दाबतात. वाकलेल्या फांद्यांची पानं झाडाला अन्न पुरवतात आणि बुडातून जाड फुटी निघतात. तिथला उद्देश वेगळा आहे, पण कापण्याआधी वाकवून पाहायचं ही समज तीच. ती तळेगावाहून पुण्यातल्या घरांच्या कुंपणापर्यंत पोचली नाही, याची खंत वाटते.

करायचं ते असं. पावसाळ्यात आलेले फोक कोवळे आणि रसरशीत असतात, तेव्हाच वाकवावेत. जून झाले की कडकन मोडतात. एकाच दिवशी पूर्ण आडवे करण्याचा अट्टहास नको, चार-पाच दिवसांनी थोडंथोडं खाली आणावं. ताठ जातीचा फोक अर्धा कलला तरी फरक दिसतो. खांब असेल तर फोक त्याभोवती नागमोडी गुंडाळत न्यावा. गुलाबाला वाटाण्यासारखे ताणे नसतात, म्हणून बांधणं आपल्याकडे. सुतळी सैल बांधावी. तार लावली तर फोक जाडावतो तशी ती सालीत रुतते. जाळी भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे हवी. आपल्या पश्चिमेच्या भिंती मार्चपासून तापतात आणि अडकलेल्या हवेत भुरीही लवकर येते. सिकेटर लागतं ते यानंतर. फुलून गेलेल्या आखूड फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या. चार-पाच मुख्य फोक राखायचे आणि बदली फोक तयार झाला असेल तरच सर्वात जुना एक बुडातून काढायचा. जाड कापावर बोर्डो पेस्ट लावावी: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. शेंड्याकडून खाली वाळत येणारी मर या कापांतूनच शिरते.

पण आपल्या हवेत वेली गुलाब म्हणून लावायचं तरी काय? या प्रश्नावर कोडाईकनालच्या एम. एस. वीरराघवन यांच्याइतकं मुळापासून काम भारतात क्वचितच कुणी केलं असेल. प्रशासकीय सेवा लवकर सोडून ते पत्नी गिरिजा यांच्यासह तिथे स्थायिक झाले आणि गुलाबाच्या संकरात रमले. त्यांची मांडणी साधी आहे: आपण थंड देशांतल्या हिवाळ्यासाठी घडलेले गुलाब उन्हात लावतो आणि मग वर्षभर फवारत बसतो, त्यापेक्षा भारतातल्या रानगुलाबांपासून उष्ण हवेचे गुलाब घडवावेत. त्यासाठी त्यांनी निवडलेला एक गुलाब म्हणजे रोझा जायगँटिया. जॉर्ज वॅट यांना तो १८८२ मध्ये मणिपुरात आढळला, कॉलेट यांना १८८८ मध्ये ब्रह्मदेशातल्या शान टेकड्यांत. हा वेल उंच झाडांवर चढतो आणि त्याची फुलं तळहाताएवढी असतात. जगभरच्या टी गुलाबांत, म्हणजे पर्यायानं हायब्रिड टीमध्येही, याचं रक्त आहे. दुसरा रोझा क्लायनोफिला, पाण्याकाठी वाढणारा आणि उष्णता सोसणारा. आपल्या रोपवाटिकांत या वंशातले गुलाब सहज मिळायला हवेत, आणि कृषी विद्यापीठांनी कटफ्लॉवरबरोबर यांनाही जागा द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

झुडपी गुलाबांचं थोडक्यात. प्रदर्शनाचं फूल हवं नसेल तर त्यांनाही गुडघ्याशी कापू नये. सर्वात जुनी, सालपटलेली फांदी बुडातून काढावी, बाकीच्यांचा तिसरा हिस्सा उतरवावा. डेव्हिड ऑस्टिन यांचे इंग्लिश गुलाब उष्ण हवेत इंग्लंडातल्यापेक्षा बरेच उंच जातात. त्यांना खुशाल वेल समजून बांधावं. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडात असे लांब फोक जमिनीलगत वाकवून खुंट्यांनी अडकवत, म्हणजे सबंध वाफा फुलांनी झाकला जाई.

नव्यानं वेल आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बाजारातल्या बऱ्याच वेली या झुडपी गुलाबाच्या एखाद्या फांदीनं अचानक लांबट वाढ धरली, तिच्यापासून केलेल्या असतात. ‘आइसबर्ग’ १९५८ मध्ये झुडूप म्हणून आला आणि त्याचा वेली प्रकार १९६८ मध्ये. अशा वेलीला सुरुवातीलाच खोल छाटलं तर ती परत झुडपी रूपाकडे वळू शकते. म्हणून पहिली दोन वर्षं तिचं फक्त वाळलेलं टोक काढावं, आणि छाटायला येणाऱ्या माळीदादांना तसं आधीच सांगून ठेवावं.