एकच रिंग, मग फोन गप्प!

अमेरिकेत घरी लँडलाइन असेल, त्यातही आईबाबा दिवसभर घरी असतील, तर नकोसे कॉल टाळायला हे जरूर करा. तांब्याच्या तारेवरचा फोन सोडून इंटरनेट फोन घ्या. नंबर सहसा तोच ठेवता येतो, जुना फोनही चालतो; त्याची वायर राउटरला जोडलेल्या छोट्या डबीत खोचायची, बस्स.

खरी गंमत पुढे आहे. इंटरनेट फोनच्या बऱ्याच सेवांमध्ये एकच कॉल एकाच वेळी दोन नंबरांवर वाजवता येतो. दुसरा नंबर द्यायचा नकोसे कॉल अडवणाऱ्या ‘नोमोरोबो’ या सेवेचा. कॉल आला की त्यांचा संगणक नंबर तपासतो आणि तो नकोशांच्या यादीत सापडला, तर पहिल्या रिंगनंतर स्वतःच उचलून कापून टाकतो. आई खुर्चीतून उठायच्या आत काम तमाम! म्हणून घरी सांगून ठेवा, दुसरी रिंग वाजली तरच उठायचं.

2013 साली फेडरल ट्रेड कमिशनच्या स्पर्धेत या कल्पनेला बक्षीस मिळालं, आणि ते अगदी योग्य मिळालं.

वीज गेली की हा फोनही बंद पडतो, तेव्हा राउटर आणि डबी यूपीएसवर ठेवा. आणि 911 साठी घरचा पत्ता नोंदवलाय ना, हे पहिल्याच दिवशी तपासा.