पैठणीचा मोर ऐकू यावा म्हणून

येवल्यातल्या एका पैठणी दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या अंध ग्राहकाला तिथल्या फोटोंमागचं ‘ऑल्ट टेक्स्ट’, म्हणजे लेखी वर्णन, तेवढं ऐकू येतं. ते नसेल तर कधीकधी कॅमेऱ्याने दिलेलं आकड्यांचं फाइलनावच वाचलं जातं. म्हणून मी लिहिते: ‘जांभळी रेशमी पैठणी, नारळी काठ, जरीच्या पदरावर मोर’. नुसतं ‘साडी’ ऐकून कुणी काय निवडावं?

गूगलही फोटो ओळखताना हे वर्णन, फाइलचं नाव आणि आजूबाजूचा मजकूर पाहतं. पण ‘स्वस्त पैठणी, बेस्ट पैठणी’ अशी शब्दांची गर्दी मला अजिबात पटत नाही. ऐकणाऱ्याचा तो छळ आहे. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीचा ऑल्ट रिकामा ठेवावा, रीडर ती ओलांडतो. किंमत मात्र फोटोवर छापून थांबू नका, पानावरही लिहा.